सगळ्या फायली एकतीस केबीच्या

सांगलीच्या मार्केट यार्डात
साखरप्यांच्या अडतीवर काटा थांबलाय.
बाहेर दोनशे पोती हळद,
पोत्यांवर हमाल,
आणि हमालांच्या नजरा माझ्यावर,
जणू वजन मीच गिळलंय.

डीबगर दोनशे अठराव्या ओळीवर येऊन उभा आहे.
उभा आहे, एवढंच.
ओळीत काय लिहिलंय ते दाखवत नाही.
कोड खाजगी रेपॉझिटरीत,
तिथून हा आणतो म्हणतो, आणि आणतो भलतंच.

कॅशचं फोल्डर उघडलं.
फायली उतरल्यात की! नावंही बरोबर:
तोलाई, पट्टी, हमाली, गोणपाट.
आकार मात्र चौघींचा एकतीस केबी.
इथलं शेंबडं पोरही सांगेल,
चार पोती तंतोतंत सारखी भरली
तर हळदीकडे नंतर बघ, आधी काटा बघ.

एक फाईल उघडली. आत कोड नाही.
आत लॉगिनचं पान.
नावाचा चौकोन, पासवर्डचा चौकोन,
खाली बारीक अक्षरात, पासवर्ड विसरलात का?
घर आण म्हटलं तर
यानं दारच उचलून आणलं,
चार वेळा,
आणि घर म्हणून जपून ठेवलं.

ब्राउझरमध्ये तोच कोड लख्ख दिसतो.
ब्राउझर मला ओळखतो.
डीबगरला मी कोण?
एकाच खुर्चीत बसलेली मी
एका खिडकीत घरची, दुसरीत परकी.

अस्लम मुजावर, काट्यावरचे कारकून,
तिसरा चहा ठेवत म्हणाले,
आमचे आजोबा हरिपुरात पेवं उघडायचे.
तोंड उघडलं म्हणून कुणी लगेच उतरायचं नाही.
आधी दोरीनं कंदील सोडायचा.
विझला तर समजायचं,
माल खाली आहे, पण तुझ्यापुरती हवा नाही.

मग मीही कंदील सोडला.
एकच फाईल, एकच विनंती,
मशीनमध्ये साठवलेली ओळख सोबत देऊन.
उत्तर आलं: चारशे चार. असं काही इथे नाहीच.

आहे. मला माहितीय, आहे.
हे 'नाही' मी ओळखते.
स्थळ नको असलं की सांगतात ना,
मुलगी अजून शिकतेय,
तसलं.

साठवलेली ओळख कुणाची ते बघितलं.
सुकुमार मगदूम.
दिवाळीत नोकरी सोडून पुण्याला गेला,
प्रोजेक्टमधून त्याचं नाव काढलं,
या मशीनमधून काढायचं कुणाला सुचलं नाही.
वर्षभर हे यंत्र त्याच्याच नावानं
दार वाजवायला तयार बसलेलं.

काढलं.
माझ्या नावाचं टोकन केलं, फक्त वाचण्यापुरतं,
नव्वद दिवसांचं.
पतसंस्थेच्या कॅलेंडरवर खूण केली,
पुढचा अंधार कधी ते कळायला.
तरी पुन्हा तेच लॉगिनचं पान!
कपाळावर हात मारला. कॅश.
जुनं दार अजून आतच होतं.
तेही पुसलं.

आणि मग ओळी आल्या, खऱ्या, वाकड्यातिकड्या,
प्रत्येक फाईल वेगळ्या वजनाची.
दोनशे अठराच्या डोक्यावर सुकुमारची टीप:
गोणपाट नऊशे ग्रॅम धरलंय.
प्लास्टिकची पोती आली तर? विचारणे.

विचारलं नसेल.
किंवा विचारलं असेल, आणि कुणी मान वर केली नसेल.
बाहेर दोनशे पोती, पांढरी, प्लास्टिकची.

दुरुस्ती चार मिनिटांची.
काटा हलला, हमाल उठले, अस्लमभाईंनी पेन कानावरून काढलं.
बिलात लिहिलं: तोलाईतली चूक, अर्धा तास.
उरलेल्या दुपारीला काय म्हणायचं ते सुचेना.

सुकुमारला कळवलं,
प्लास्टिकचं पोतं एकशे वीस ग्रॅम भरतं.
रात्री उशिरा उत्तर आलं:
माझं नाव होतं अजून तिथं?